थेरपीचं नाव विचारायला मला दोन वर्षं लागली

कराडला एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं मेडिकल आहे. डी. फार्म. झाल्यावर वडिलांनी गाळा घेऊन दिला, त्याला आता एकवीस वर्षं झाली. मनाच्या आजारावरच्या गोळ्या रोज हाताखालून जातात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, कुठल्या रॅकला काय आहे ते लाइट गेली तरी सांगू शकतो. गोळीशिवाय जो दुसरा उपचार असतो, बोलून करायचा, त्याच्याबद्दल मात्र मला ‘समुपदेशन’ या एका शब्दापलीकडे काही ठाऊक नव्हतं. त्या एका शब्दावर विसंबून मी स्वतःची दोन वर्षं घालवली, म्हणून हे लिहितोय.

एप्रिल २०२१. कोविडची दुसरी लाट, दुकानासमोर रांग, दुकानातलं पोरगं आजारी म्हणून काउंटरवर मी एकटा. एका आजोबांना मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडची १ मिलिग्रॅमऐवजी २ ची स्ट्रिप गेली. रात्री बिलं बघताना लक्षात आलं. तसाच गाडी काढून त्यांच्या घरी गेलो आणि स्ट्रिप बदलून दिली. त्यांनी गोळी घेतलीच नव्हती. आजींनी चहा विचारला. प्रकरण तिथंच संपलं, पण माझ्या डोक्यात ते त्या रात्री सुरू झालं.

आधी मी प्रत्येक चिठ्ठी दोनदा बघायला लागलो. मग पाचदा. मग दुकान बंद केल्यावर दिवसभराची बिलं पुन्हा लावून बघणं सुरू झालं. हायड्रॉक्सीझिन दिलं की हायड्रॅलाझिन, नावं सारखी, माझा हात चुकला असेल का? शिल्लक स्ट्रिपा मोजायच्या. शेड्यूल एच-१ चं, म्हणजे कडक नियमांखालच्या औषधांचं, रजिस्टर नियमानं तीन वर्षं जपून ठेवावं लागतं, ते मी रोज मागं मागं चाळायचो. नंतर गिऱ्हाइकांना फोन करायला लागलो. “काकू, जरा ती स्ट्रिप हातात घेऊन नाव वाचून दाखवता का?” लोकांना वाटायचं, किती काळजी घेतो हा माणूस. माझं कौतुक व्हायचं. आणि मी रात्री साडेबारा-एकला शटर ओढून घरी जायचो, गाडी अर्ध्या वाटेतून वळवून परत यायचो.

घरी गेल्यावर बायकोला विचारायचो, “सगळं बरोबर दिलं असेल ना?” ती म्हणायची, “अहो, दिलंय बरोबर, झोपा आता.” दहा मिनिटं बरं वाटायचं. मग पुन्हा तोच प्रश्न. एका रात्री तिनं मोजलं, मी बावीस वेळा विचारलं होतं. आई म्हणायची, औदुंबरला जाऊन ये, दत्तगुरूंच्या पायावर घाल. गेलो. कृष्णेच्या घाटावर बसल्यावर शांत वाटलं, ते खरं. परत येताना भिलवडीच्या अलीकडेच मी खिशातला फोन काढून दुकानातल्या पोराला विचारत होतो की सकाळी त्या बाईंना कुठली पॉवर दिली.

आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात. पण मंत्रचळ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती सोवळ्यातली, दिवसभर हात धुणारी म्हातारी. बिलं तपासणारा मेडिकलवाला येत नाही. त्यामुळे मलाही ते नाव स्वतःला लावावंसं वाटलं नाही. मी त्याला ‘टेन्शन’ म्हणत राहिलो.

२०२२ च्या सुरुवातीला एका समुपदेशकांकडे जायला लागलो. अतिशय भला माणूस. माझ्या मेव्हण्याला त्यांचा खरंच उपयोग झाला होता. वडील अचानक गेल्यावर तो महिनाभर कुणाशी बोलत नव्हता, त्यांनी त्याला बोलतं केलं, रडू दिलं, हळूहळू कामाला लावलं. त्याच विश्वासानं मी गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. डोळे मिटून श्वास मोजायला शिकवलं. मनगटात रबरबँड घालायला सांगितलं, नको तो विचार आला की रबर ताणून सोडायचा आणि मनात ‘थांब’ म्हणायचं. आणि दर भेटीत शेवटी म्हणायचे, “तुम्ही इतके जबाबदार आहात, तुमच्या हातून चूक होणारच नाही.”

ते वाक्य मला हवं असायचं. त्यासाठीच मी गुरुवारची वाट बघायचो. ऐकलं की दोन तास मोकळं वाटायचं, संध्याकाळपर्यंत ते विरून जायचं. रबरानं मनगट लाल झालं आणि विचार वाढले. ‘गाढवाचा विचार करू नका’ म्हटल्यावर जे होतं तेच. चौदा महिने मी हे केलं. बरं वाटत नाही याचं खापर मी स्वतःवर फोडत होतो. एवढा चांगला माणूस एवढा वेळ देतोय, मीच मनापासून करत नाही, असं.

मधल्या काळात एका मित्रानं विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीबद्दल सांगितलं. आपल्या हट्टी समजुती ओळखून त्यांना प्रश्न विचारायला ती शिकवते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली, आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यासारख्यांनी ती लोकांपर्यंत नेली. ‘मी कधीच चुकता कामा नये’ हा माझा हट्ट त्यातून मला पहिल्यांदा दिसला, त्याचा पुढं फायदाही झाला. पण त्या वेळी मी काय केलं? वही घेऊन प्रत्येक भीतीशी वाद घालत बसलो. चूक झाल्याचा पुरावा काय, नसल्याचा पुरावा काय. रात्रीचे दोन वाजायचे. बिलं तपासणं होतंच, त्यात आता विचार तपासण्याची भर पडली.

मानसोपचारतज्ज्ञांकडे मी मुद्दाम कोल्हापूरला गेलो. कराडात गेलो असतो तर चिठ्ठी कुठल्या तरी ओळखीच्या मेडिकलात पडली असती, आणि आमच्या धंद्यात कोण काय घेतं हे फार लवकर कळतं. आज याची लाज वाटते, कारण माझ्याच काउंटरवर लोक तीच चिठ्ठी घडी घालून, मुठीत लपवून पुढे करतात. डॉक्टरांनी दहा प्रश्नांची एक मोजपट्टी भरून घेतली, येल-ब्राउन नावाची, ४० पैकी. माझे २७ आले. म्हणाले, हा ओसीडी आहे, म्हणजे मंत्रचळच, आणि चांगलाच तीव्र आहे. सर्ट्रालिन सुरू केलं. पन्नासनं सुरुवात, मग टप्प्याटप्प्यानं दोनशेपर्यंत. मी तिसऱ्या आठवड्यातच फोन करून सांगितलं की गुण नाही. ते म्हणाले, ओसीडीला डोस बहुतेक वेळा चढा लागतो आणि दहा-बारा आठवडे धीर धरावा लागतो. इतकी वर्षं हे औषध विकून मला ते माहीत नव्हतं. (हा माझ्यापुरता डोस आहे. वाचून कुणी स्वतःचा बदलू नका, आणि अशी औषधं एकदम बंदही करू नका.)

औषधानं आवाज कमी झाला. बंद नाही झाला. तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी सहज विचारलं, “समुपदेशन चालू आहे म्हणालात, ते कुठल्या पद्धतीचं?”

मला प्रश्नच कळला नाही. पद्धतीचं म्हणजे? बोलतो आम्ही, असं म्हणालो.

परतीच्या एसटीत तो प्रश्न घोळत राहिला. काउंटरवर येऊन कुणी “तापाचं काहीतरी द्या की दादा” म्हणालं तर मी देतो का? कुणाला ताप आहे, वय काय, किती दिवस झाले, अंगावर पुरळ आहे का, प्लेटलेट बघितल्या का, हे सगळं विचारतो आणि निम्म्या लोकांना डॉक्टरकडे पिटाळतो. चिठ्ठीवर नुसतं ‘औषध’ असं लिहून कुणी पाठवलं तर मी परत पाठवीन. मग मी स्वतः चौदा महिने ‘समुपदेशन’ घेत होतो, ते कसलं? कशावर? किती दिवस? यातलं काहीच मी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी कागदावर नाव लिहून दिलं होतं: एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, ईआरपी. ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जायचं, आणि भीती घालवण्यासाठी जी कृती करतो ती करायची नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये दोन रुग्णांवर असा उपचार केल्याचं लिहिलं, तिथून ही पद्धत वाढली. त्याआधी या आजारावर बोलून फारसं काही होत नाही असाच समज होता. आज ओसीडीसाठी बोलण्याच्या उपचारांत सगळ्यात भक्कम पुरावा हिच्यामागं आहे.

कराडात ती करणारं कुणी मला सापडलं नाही. पुण्यातल्या एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या, जून २०२३ मध्ये. पहिली आणि पाचवी भेट पुण्यात, बाकी व्हिडिओवर. दर आठवड्याला एक तास, भेटीचे पंधराशे रुपये. सोळा भेटी ठरल्या, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. सहा भेटींनी मोजपट्टी पुन्हा भरू, फरक नसेल तर काय बदलायचं ते बघू, असंही म्हणाल्या. उपचाराला लांबी असते, तो मोजता येतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी पहिल्यांदा एक साधा प्रश्न विचारला. “तुमच्या ओळखीतला नीट काम करणारा एखादा फार्मासिस्ट औषध किती वेळा बघतो?” मी विचार केला. रॅकमधून काढताना चिठ्ठीशी ताडून एकदा, गिऱ्हाइकाला कसं घ्यायचं ते सांगताना एकदा. दोनदा. “मग तुम्हीही दोनदा. तिसरी वेळ रुग्णासाठी नसते, ती तुमच्या भीतीसाठी असते.” माझ्या धंद्यात काळजी घेतलीच पाहिजे, ती सोडा असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवू शकलो.

मग आम्ही शिडी केली. प्रत्येक पायरीला भीतीचा आकडा, ० ते १००. रात्री ड्रॉवरचं कुलूप एकदाच ओढून बघायचं, २०. ओआरएसचं पाकीट देऊन बिल पुन्हा न बघणं, २५. शटर पाडल्यावर बिलांची फाइल न उघडणं, ४५. गिऱ्हाइकाला फोन न करणं, ६०. लहान मुलांचं पॅरासिटामॉल, ८५, कारण त्यात थेंब वेगळे आणि सिरप वेगळं, थेंब जास्त तीव्र, आणि चमचा चुकला तर काय होईल हे मला नीट माहीत आहे. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, ९५.

आणि सगळ्यात वर, १०० ला, एक कागद. मी स्वतःच्या अक्षरात लिहायचं: ‘आज माझ्या हातून एखाद्याला चुकीचं औषध गेलं असेल. मला ते खात्रीनं कधीच कळणार नाही.’ आणि रोज वीस मिनिटं ते मोठ्यानं वाचायचं. हे ऐकल्यावर मी लॅपटॉप बंद करणार होतो. आधीचे समुपदेशक म्हणायचे, चूक होणारच नाही. या म्हणत होत्या, झाली असेल, कळणार नाही, असं म्हणा. त्यांनी समजावलं: तपासलं की बरं वाटतं, आणि बरं वाटलं की मेंदू शिकतो की तपासलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी तपासायला लावतो. बायकोचं “दिलंय बरोबर” हेही तपासणंच, फक्त तिच्या तोंडून. खात्रीची तहान पाणी पाजून वाढते, असा हा आजार आहे.

ऑगस्टमधली एक संध्याकाळ सांगतो. मलकापूरची एक बाई सहा महिन्यांच्या बाळासाठी पॅरासिटामॉलचे थेंब घेऊन गेली. मी दोनदा बघितलं, ड्रॉपरवरची खूण दाखवून सांगितलं, ती गेली. माझ्याकडे तिचा फोन नंबर होता. सात दहाला भीती ८५. सात वीसला ९०, तळहाताला घाम, छातीत धडधड, हातात फोन. मी फोन पोराकडे दिला आणि बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर आकडे लिहीत राहिलो. साडेसातला ९०. आठला दहा मिनिटं कमी असताना ७०. मध्ये चार गिऱ्हाइकं आली, त्यांना औषधं दिली. साडेआठला ४०. कुणी मला काही सांगितलं नव्हतं, मी काही तपासलं नव्हतं, आणि ते आपोआप उतरलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ते पान मी फाडून पाकिटात ठेवलंय.

सायकॉलॉजिस्ट बाईंनी एका भेटीत माझ्या बायकोलाही बोलावलं. तिनं काय म्हणायचं ते तिघांनी मिळून ठरवलं. मी विचारलं की ती म्हणणार, “हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही. पण मी इथंच बसते.” पहिल्या आठवड्यात मी तिच्यावर दोनदा ओरडलो. ती बसून राहिली. तिच्यासाठी ते माझ्यापेक्षा अवघड होतं, समोर माणूस घामाघूम होतोय आणि तीन शब्दांत त्याला बरं वाटण्यासारखं आहे, ते तीन शब्द गिळायचे. माझ्या पोरीनं त्या दिवसांत झोपताना विचारायला सुरुवात केली होती, “बाबा, मी दप्तर नीट भरलं ना?” चार-पाचदा. ते ऐकून मी शिडीची पायरी सोडली नाही.

सोळाव्या भेटीला मोजपट्टीवर ११ आले.

हे मी ईआरपीच सगळ्यांनी करावं म्हणून लिहीत नाही. मेव्हण्याला त्याची काही गरज नव्हती, त्याला हवं होतं ते त्याच समुपदेशकांनी दिलं. काउंटरवर उभा राहून मी आता वेगळ्या नजरेनं बघतो. एक मावशी अल्प्राझोलाम मागायला येतात, झोप लागत नाही म्हणून. जुनी चिठ्ठी चालणार नाही म्हटलं की चिडतात. निद्रानाशासाठी सीबीटीचाच (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा) एक वेगळा प्रकार आहे, अंथरुणात किती वेळ पडायचं, कधी उठायचं हे काटेकोर बांधून देणारा. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये जुन्या निद्रानाशासाठी गोळीच्या आधी तोच करा असं सुचवलंय. मावशींना तो कुणी सुचवलाच नाही. एक एसटी कंडक्टर आहेत, छातीत धडधडतं म्हणून चार वेळा ईसीजी काढून झाला, दरवेळी नॉर्मल. पॅनिकच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांच्या, उपचारात तर ती धडधड मुद्दाम आणायला लावतात, जिने चढायचे, जागेवर गरगर फिरायचं, म्हणजे शरीराला कळतं की यानं मरण येत नाही. त्यांना सगळे सांगतात, दगदग करू नका, बसून राहा. नेमकं उलट.

आणि नैराश्यासाठी फार गुंतागुंतीचं काही लागतंच असं नाही, हे गोव्यात दाखवलं गेलंय. संगथ ही संस्था तिथं १९९६ पासून काम करते. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावातल्याच साध्या माणसांना शिकवून सहा ते आठ भेटींचा एक उपचार दिला. गळून पडलेल्या माणसाला जमेल तेवढ्या छोट्या, त्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामांकडे पुन्हा वळवायचं, हा त्याचा गाभा. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, आणि नेहमीच्या उपचाराला याची जोड दिलेल्या लोकांत फरक स्पष्ट होता. सोप्या भाषेत देता येणारा, पण ठरलेली पद्धत असलेला उपचार. ‘सकारात्मक विचार करा’ आणि हे यात फार अंतर आहे. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात हे का मिळू नये, असं मला पोटतिडकीनं वाटतं.

मला ओळखीचे लोक आता हळूच विचारतात, कुणाकडे जाऊ. मी नाव सांगण्याआधी म्हणतो, पहिल्या भेटीत चार गोष्टी विचारून या. मला काय झालंय असं तुम्हाला वाटतं? त्यासाठी तुम्ही कुठली पद्धत वापरणार, तिचं नाव काय? साधारण किती भेटी? गुण येतोय हे कसं ओळखायचं? विचारल्यावर जे रागावतील त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका. पाटीवर ‘समुपदेशक’ कुणीही लिहू शकतं, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, तो नंबर मागा, त्यात गैर काही नाही. माझ्याकडे चिठ्ठी आली की मी डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर बघतोच. पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, आणि सरकारचा टेली-मानसचा १४४१६ नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तिथून पुढं कुठं जायचं ते सांगतात. जीव नकोसा वाटत असेल तर पद्धत, नाव, नंबर काही विचारत बसू नका. आधी तिथं फोन करा, घरात एका माणसाला सांगा.

गेल्या दिवाळीच्या आधी दुकानाची तपासणी झाली. सगळं व्यवस्थित निघालं, पण त्या रात्री मी रजिस्टर उघडलं. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री बायको दुकानात येऊन शेजारच्या स्टुलावर बसली, काही बोलली नाही. मी पुण्याला फोन लावला. बाई म्हणाल्या, चौथ्या पायरीवर या आणि तिथून चढा. तीन आठवडे लागले. कागद पुन्हा काढलाय, रोज सकाळी शटर उघडायच्या आधी वाचतो. पुढची भेट पाच तारखेला आहे.